समाधानी पर्यटक आणि निघून गेलेले डॉल्फिन

ओडिशातील चिल्का सरोवराच्या मुखाजवळ सातपाडा नावाचे गाव आहे. तेथील धक्क्यावरून यांत्रिक नावा पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्यासाठी नेतात. पाण्यावर क्षणभर एक राखाडी, वाटोळे कपाळ दिसते, मग पाठीवरचा इवलासा पर, आणि पुन्हा सारे पाण्याखाली. ना उडी, ना कोलांटी. नावेतील पुष्कळांचा विरस होतो. तो ओळखून एखादा नावाडी इंजिनाचा वेग वाढवतो आणि आणखी जवळ जातो. या विरसाला एक इतिहास आहे, आणि चिल्कातील डॉल्फिनचे भवितव्य काही अंशी त्याच्याशी बांधलेले आहे.

या प्राण्याचे नाव इरावती डॉल्फिन. नावामुळे तो म्यानमारचा वाटतो. पण विज्ञानाला त्याची ओळख झाली ती आपल्याच पूर्व किनाऱ्यावर. १८५२ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात सापडलेल्या नमुन्यावरून रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले आणि आखूड तोंडाचा म्हणून त्याला ‘ब्रेव्हिरोस्ट्रिस’ हे जातिनाम दिले. पुढे जॉन अँडरसन यांनी इरावती नदीतील डॉल्फिन ही निराळी जात असल्याचे मांडले. ते मत टिकले नाही, पण नदीचे नाव मात्र चिकटून राहिले. विशाखापट्टणमच्या वाट्याला काहीच आले नाही!

पर्यटकाच्या मनात असलेला डॉल्फिन हा नव्हे. तो आहे लांब चोचीचा, हसऱ्या चेहऱ्याचा बॉटलनोज. १९३८ मध्ये फ्लोरिडात ‘मरीन स्टुडिओज’ सुरू झाले. चित्रीकरणासाठी बांधलेल्या त्या प्रचंड टाक्यांतून पुढे डॉल्फिनचे खेळ निघाले. १९६४ पासून ‘फ्लिपर’ ही दूरचित्रवाणी मालिका घरोघरी पोहोचली. डॉल्फिन म्हणजे माणसाला पाहून आनंदाने उसळणारा प्राणी, ही समजूत अशा रीतीने दोन-तीन पिढ्यांत जगभर रुजली. भारतात १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनच्या खेळांसाठी परवानगी न देण्याचे धोरण जाहीर केले. निर्णय स्तुत्य होता. मात्र टाकीला परवानगी नाकारता येते, मनातल्या चित्राला नाही. ते चित्र घेऊनच माणसे सातपाड्याला येतात. तारकर्लीला किंवा गोव्याला नावेत बसणारे आपणही काही फारसे वेगळे नसतो.

चिल्काची अलीकडची कहाणी खरे तर अभिमानाची आहे. महानदीच्या फाट्यांनी आणलेल्या गाळाने समुद्राकडे जाणारा मार्ग कोंडला होता. पाण्याचा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी रोडावली. १९८१ मध्ये रामसर यादीत दाखल झालेली ही पाणथळ जागा १९९३ मध्ये धोक्यातील स्थळांच्या नोंदीत गेली. त्यानंतर पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात प्रतिकृतींच्या साहाय्याने अभ्यास झाला आणि सप्टेंबर २००० मध्ये सरोवराला समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. मासळी, कोळंबी, खेकडे यांचे उत्पादन झपाट्याने सावरले, आणि २००२ मध्ये चिल्काचे नाव त्या नोंदीतून वगळले गेले. छायाचित्रांतून पाठीवरच्या पराच्या कडांवरील खाचा ओळखून केलेल्या अभ्यासाने २००४ ते २००६ या काळात येथे सुमारे ११० इरावती डॉल्फिन असल्याचे दाखवले. अलीकडच्या शासकीय गणनांत हा आकडा दीडशेच्या आसपास असतो. दोन्ही मोजण्यांच्या पद्धती निराळ्या असल्याने त्यांची थेट तुलना करू नये. कशीही मोजली, तरी ही संख्या एखाद्या लहान शाळेच्या पटाएवढीच.

पण पाणी सावरले त्याच सरोवरात यांत्रिक नावाही वाढल्या. डॉल्फिनचा मोठा वावर समुद्रमुखाकडील प्रवाहमार्गात असतो, आणि पर्यटकांचा धक्काही तेथेच आहे. हा प्राणी गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा आवाजावर जगतो: स्वतः काढलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून तो मासा शोधतो. अशा पाण्यात इंजिनांचा गोंगाट आणि फिरती पाती यांचा अर्थ काय, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आपण मात्र या साऱ्याचे यश बहुधा एकाच प्रश्नाने मोजतो: पर्यटक खूश होऊन गेला का?

या मोजपट्टीतील खोट ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे स्पष्ट झाली. तेथील बॉटलनोज डॉल्फिनच्या नोंदी १९८०च्या दशकापासून ठेवल्या गेल्या आहेत. एका भागात आधी पर्यटननौकेचा एकच परवानाधारक होता, पुढे दोन झाले. लार्स बेयडर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दुसरा आल्यानंतर त्या भागातील डॉल्फिन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. नौका नसलेल्या जवळच्या भागात तशी घट नव्हती. याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. नौका जवळ आली की वर्दळीच्या भागातील डॉल्फिन कमी बिचकत, आणि शांत भागातील अधिक. वरवर पाहणारा म्हणेल की वर्दळीतल्यांना सवय झाली. संशोधकांना मात्र वेगळाच अर्थ अधिक संभवनीय वाटला: ज्यांना त्रास सोसवत नव्हता ते निघून गेले असावेत, आणि मागे उरले ते सोसणारे.

हीच गोष्ट नावेतील माणसांचीही आहे. कॅनडातील डेव्हिड डफस आणि फिलिप डिअर्डन यांनी १९९० मध्ये मांडले, की वन्यजीव पाहण्याच्या ठिकाणी आरंभी थोडे, जाणकार, अल्पसंतुष्ट लोक येतात. गर्दी वाढली की ते काढता पाय घेतात आणि त्यांच्या जागी अधिक सोयी मागणारे, त्या प्राण्याविषयी कमी जाणणारे लोक येतात. नव्यांनी जुने ठिकाण पाहिलेलेच नसते. त्यामुळे ते समाधानी असू शकतात. आता हे दोन अभ्यास शेजारी ठेवा. पाण्यातले हळवे निघून गेले, नावेतले हळवेही निघून गेले. उरलेले डॉल्फिन नौकेला बिचकत नाहीत आणि उरलेले पर्यटक अभिप्रायाच्या वहीत ‘उत्तम’ लिहितात. ऱ्हास चालू असताना दोन्हीकडून शुभवर्तमान येत राहते.

म्हणून समाधान निरर्थक ठरते, असे मी म्हणणार नाही. नावाड्याची कमाई त्यावरच चालते. पण ते पुष्कळ अंशी अपेक्षेवर ठरते, आणि अपेक्षा धक्क्यावरच बदलता येते. निघण्यापूर्वी दहा मिनिटे कोणी सांगितले, की हा डॉल्फिन क्वचितच उसळतो, याचा श्वास ऐकायचा असेल तर इंजिन बंद करून थांबावे लागते, तर ते राखाडी कपाळ हीच भेट वाटू लागते.

मात्र माहितीने नावांची संख्या कमी होत नाही. शार्क बे येथे शासनाने २००६ मध्ये दोनांपैकी एक परवाना थांबवला. तेथे प्रश्न एका व्यावसायिकाचा होता. सातपाड्यात मासेमारीच्या जोडीला पर्यटकांवर संसार चालवणारी शेकडो कुटुंबे आहेत, आणि त्यांपैकी कोणाची नाव धक्क्याला बांधून ठेवायची हे ठरवणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे नाही. दुसऱ्या बाजूला इरावती डॉल्फिनची मादी सुमारे चौदा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एकच पिल्लू देते, आणि पुढचे पिल्लू दोन-तीन वर्षांनी. यंदाच्या हंगामात झालेले नुकसान गणनेच्या आकड्यात उतरेपर्यंत त्या नावेतून कितीतरी समाधानी पर्यटक जाऊन आलेले असतील.