स्कूटरच्या गिअरची गोष्ट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंत्राची गोष्ट कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण आज मंडळाच्या सभेला आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः स्कूटर चालवीत येतात, आणि ‘गिअर नाही, म्हणजे बायकांची गाडी’ हा शेराही आपण निमूटपणे ऐकतो. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी थोडा इतिहास सांगते.

गिअर म्हणजे काय, हे घरातल्या शिवणयंत्रावरून कळते. खालचे मोठे चाक एकदा फिरते, तोवर वरचे लहान चाक कितीतरी वेळा फिरते. वेग मिळतो, पण जोर घटतो. उलट, लहान चाकाने मोठे फिरविले तर जोर वाढतो आणि वेग घटतो. शक्ती तेवढीच, ती जोराच्या रूपाने घ्यावी की वेगाच्या, एवढाच व्यवहार. स्कूटर जागची हलविताना आणि चढावर जोर हवा, म्हणून पहिला गिअर. सपाटीवर वेग हवा, म्हणून चौथा.

इटलीत १९४६ साली पियाज्जिओ कंपनीची व्हेस्पा निघाली. तिचा कर्ता कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमानविद्येतला. त्याने गिअर डाव्या मुठीत आणला आणि पुढे पाय ठेवण्यास मोकळी जागा सोडली. ज्यांचे घराणे आपल्या विदर्भातल्या वर्ध्याशी जोडलेले, त्या बजाज यांच्या कंपनीने १९६० नंतरच्या वर्षांत आकुर्डीस परवान्याने व्हेस्पा काढली. करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. क्लच दाबून मूठ पिळायची, असे तिचे चार गिअर. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. गाडी घरी आली की पुढे यजमान, मधे मूल आणि मागे एका बाजूस पाय सोडून आपण!

त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना काढली. इंजिन ५० सीसीचे, गिअर एकच. एकच गिअर म्हणजे मधली तडजोड: चढावर पुरता जोर नाही, सपाटीवर फारसा वेग नाही. चढ आला की पायडल मारायचे. तरी चालविण्यास ती सोपी, म्हणून अनेक स्त्रियांच्या हाती प्रथम हीच गाडी आली.

खरा पालट १९८४ च्या कायनेटिक होंडाने घडविला. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली मोटारीत आणलेली पट्ट्याची युक्ती या स्कूटरमध्ये होती. दोन कप्प्या आणि त्यांवर एक पट्टा. इंजिन जोरात फिरले की पुढच्या कप्पीतले रोलर बाहेर फेकले जातात, कप्पीच्या बाजू जवळ येतात आणि पट्टा वर सरकतो. पुढचा घेर वाढतो, मागचा घटतो. म्हणजे गिअर क्षणोक्षणी बदलतच असतो! चारांच्या जागी अगणित गिअर आले. फक्त ते बदलण्याचे काम यंत्राने पत्करले. २००१ साली आलेली अ‍ॅक्टिव्हाही याच जातीची.

येथे एक सावधगिरी सांगते. रोलर हलके घातले की पट्टा उशिरा सरकतो. पिकअप वाढतो, पण इंजिन अधिक फिरून पेट्रोल अधिक पिते. जड घातले की गाडी शांत, पण सुस्त. शेवटचे दातेरी चाक वेगाचे बसविले, तरी वेग हमखास वाढतोच असे नाही. वाऱ्याचा अडथळा तोडण्यास दुप्पट वेगाला आठपट शक्ती लागते. ती इंजिनात नसेल तर वेग उलट कमीच होतो, आणि अकोल्याहून वाशीमला येताना पातूरच्या घाटात गाडी धापा टाकते. तेव्हा कोणी ‘बदलून देतो’ म्हटले, तर ‘बदल्यात काय जाईल?’ हे आधी विचारावे.

बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. २०२० मध्ये चेतक विजेवर परतली. विजेची मोटर थांबल्या जागेपासूनच पुरा जोर लावते, म्हणून तिला एकच ठरीव प्रमाण पुरते. ही गाडी तर पुरुषही तितक्याच आनंदाने चालवितात. मग ‘बायकांची गाडी’ कोणती राहिली?

गिअर मुठीतून निघून डब्यात गेला आणि मागे बसणारी पुढे आली. आपल्या लेकीसुनांना गाडीच्या किल्लीबरोबर तिच्या पोटातली ही विद्याही द्यावी, एवढीच मंडळाच्या वर्धापनदिनी माझी विनंती.