भाताची वाटी आणि इन्सुलिनचे माप

मुंबईतल्या चेंबूरच्या ताटाचा इतिहास तिथल्या वस्तीइतकाच सरमिसळीचा आहे. माहुल-तुर्भ्याकडच्या आगरी-कोळी गावांत भात, तांदळाची भाकरी आणि मासळी. १९४७ नंतर लष्करी बराकींत वसलेल्या निर्वासित छावणीतल्या सिंध्यांचे दाल-पकवान. तमिळ कुटुंबांची इडली आणि ताकभात. १९५०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तेव्हा घाटावरून आलेल्यांच्या घरची ज्वारीची भाकरी. या चारही चुली वेगळ्या, पण पोट भरण्याचे काम चारही ठिकाणी धान्याकडेच. म्हणून अशा घरातल्या मुलाला टाइप वन मधुमेह झाला की पहिला प्रश्न येतो तो भाताचा: आता भात बंद करायचा का? कर्बोदके अगदी कमी करण्याचा जो आहार आज नवा म्हणून चर्चेत आहे, तो या प्रश्नाला 'होय' म्हणतो. इतिहास पाहिला तर हा आहार मुळीच नवा नाही. नवे आहे ते इन्सुलिन आणि त्याहून नवे आहे साखरेचे माप. या दोन गोष्टी हाताशी आहेत की नाहीत यावरच तो आहार तारक ठरतो की मारक, हे अवलंबून असते.

पथ्याने मधुमेह आवरण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्रविकारांच्या, रोग्यासाठी जवाला मोठे स्थान आहे. पण त्याच ग्रंथात रोग्यांचे दोन प्रकार केले आहेत: एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याला शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, सांगितले, दुसऱ्याचे मात्र पोषण करायला सांगितले. सुश्रुतानेही जन्मजात प्रमेह आणि अपथ्याने होणारा प्रमेह वेगळे मानले. हे वर्णन म्हणजे आजचे टाइप वन आणि टाइप टू असा थेट मेळ घालणे चुकीचे ठरेल. तरीही त्यातले निरीक्षण मोलाचे आहे. वाळत चाललेल्या रोग्याला उपाशी ठेवू नये, एवढे त्या वैद्यांना दिसले होते. 'आपल्या पूर्वजांनीही धान्य तोडायलाच सांगितले' असे म्हणणाऱ्याने हा अर्धा भाग विसरू नये.

युरोप-अमेरिकेत हा विसर फार महाग पडला. १७९७ मध्ये जॉन रोलो या शल्यचिकित्सकाने मधुमेह्यांसाठी मुख्यतः मांसाहार सुचवला. १९१५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक अॅलन यांनी याच विचाराचे टोक गाठले. कर्बोदके जवळजवळ बंद, एकूण अन्नही अत्यल्प. लघवीतली साखर त्याने कमी होई आणि काही मुले महिने, क्वचित वर्षे जगत. पण ती हाडांचे सापळे होऊन जगत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हिला १९१९ मध्ये मधुमेह झाला. अॅलन यांच्या आहारावर तीन वर्षे काढून ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला पोचली, तेव्हा पंधराव्या वर्षाकडे झुकलेल्या या मुलीचे वजन वीस किलोच्या आसपास होते. तिथे इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या बॅंटिंग यांनी तिला इन्सुलिन सुरू केले आणि तिचे ताटही भरले. ती १९८१ पर्यंत जगली. इन्सुलिनच्या जागी आहार उभा केला की काय होते, याचा याहून स्पष्ट दाखला दुसरा नसेल.

मग इन्सुलिन आल्यावर आहाराचा प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण इन्सुलिन होते, पण नजर नव्हती. मुंबईत १९५५ मध्ये डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली, त्या काळात घरी साखर पाहायची म्हणजे लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून ते स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे आणि रंग विटकरी होतो का ते पाहायचे. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. शिवाय लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. साखर धोकादायक खाली गेली आहे, हे तर ती सांगूच शकत नाही. अशा अंधारात ठरलेले इन्सुलिन, ठरलेली वेळ आणि ठरलेल्या पोळ्या हाच मार्ग सुरक्षित होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी मुलांना ठरावीक धान्य खायला लावले, त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

अंधार हटवण्याचे काम मापाने केले, आणि त्यातला एक मोठा वाटा खुद्द एका रुग्णाचा आहे. बाराव्या वर्षापासून टाइप वन असलेले अमेरिकी अभियंते रिचर्ड बर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये, रुग्णालयांसाठी बनवलेले ग्लुकोमीटर डॉक्टर पत्नीच्या नावे मिळवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर तपासली. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले. त्यांचा मुद्दा गणिताचा होता. दोन वाट्या भातात अंदाजे ९० ग्रॅम कर्बोदके असतात. अंदाज वीस टक्के चुकला तर १८ ग्रॅमची चूक होते, म्हणजे दीड-दोन युनिट इन्सुलिन कमी किंवा जास्त. जेवणात १५ ग्रॅमच असतील तर तीच चूक ३ ग्रॅमची. कमी कर्बोदकांच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या १४४१ रुग्णांच्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासाने साखर काटेकोर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे सिद्ध केले. पण काटेकोर गटात साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रसंगही सुमारे तिपटीने वाढले. अंदाजातली चूक लहान ठेवण्याचे महत्त्व त्यातूनच कळते.

याच्या विरुद्ध असलेले आक्षेप मात्र दुबळे नाहीत. २०१८ मध्ये कमी कर्बोदके खाणाऱ्या टाइप वनच्या ३१६ जणांच्या पाहणीत रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी ५.६७ टक्के आढळले, हे खरे. पण ती एका समूहाने स्वतःहून दिलेली माहिती होती. ज्यांना हा आहार झेपला नाही ते अशा पाहणीत सहसा उतरत नाहीत. वाढत्या मुलाची उंची आणि वजन, खाण्याबद्दल मनात बसणारी भीती, तसेच इन्सुलिन फार कमी झाल्यास होणारा किटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा विकार, हे धोके खरे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप वनसाठी दिलेल्या मार्गदर्शनात सुमारे निम्मी ऊर्जा कर्बोदकांतून घ्यायला सांगितली आहे. त्यातच खर्चाचा प्रश्न येतो. धान्याच्या जागी अंडी, मासळी, पनीर, सुकामेवा आणणे प्रत्येक घराला परवडत नाही. माहुलच्या कोळ्याला मासळी ताटात वाढवणे सोपे, शाकाहारी इडलीच्या घराला ते तितके सोपे नाही. म्हणून 'एकच आहार सर्वांना' हा आग्रह इथे टिकत नाही.

या साऱ्या पुराव्यातून एक क्रम दिसतो आणि तो उलटा करता येत नाही. आधी इन्सुलिन, मग माप, शेवटी ताटाची निवड. भाताची वाटी आधी तराजूवर ठेवून तिच्यात किती कर्बोदके आहेत हे कळले पाहिजे. जेवणाआधी आणि नंतर साखर तपासून तीच वाटी त्या मुलाच्या शरीरात काय करते, हे नोंदवले पाहिजे. मग ती अर्धी करायची, भाकरीने बदलायची की तशीच ठेवायची, हे मधुमेहतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्यासोबत ठरवावे. भात कमी केला तर जेवणाचा डोस त्यांच्या सल्ल्याने कमी होईल. पण दिवसभराचे मूळ इन्सुलिन कोणत्याही पथ्यासाठी, कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. एलिझाबेथ ह्यूज वाचली ती तीन वर्षांच्या पथ्याने नव्हे, इन्सुलिनने.