‘लेट इट बी’ : एका ध्वनिमुद्रिकेचे पाठभेद

हस्तलिखितांच्या अभ्यासकास पाठभेद व प्रक्षेप यांची सवय असते. ध्वनिमुद्रिकेस मात्र एकच पाठ असतो, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, हे बीटल्स या इंग्लिश रॉक-समूहाच्या ‘लेट इट बी’ या गीतसंग्रहावरून तपासण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

संग्रहातील बहुतेक गीते जानेवारी १९६९ मध्ये लंडन येथे मुद्रित झाली. समूहाने एकत्र वाजविले तेवढेच ऐकवावे, मागाहून काही जोडू नये, असा आरंभीचा संकल्प होता. त्यास अनुसरून ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ग्लिन जॉन्स यांनी मे १९६९ व जानेवारी १९७० अशी दोन संकलने सिद्ध केली. फसलेले आरंभ व गीतांमधील संभाषणेही त्यांनी त्यांत राहू दिली. समूहाने दोन्ही नाकारली.

मार्च १९७० मध्ये या फिती फिल स्पेक्टर यांच्या हाती आल्या. वाद्यांचे थर रचून भरीव नाद उभारण्याविषयी हे अमेरिकन निर्माते ख्यात होते. १ एप्रिल रोजी त्यांनी ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ या गीतावर तंतुवाद्ये, पितळी सुषिरवाद्ये व स्त्रियांचा गायकवृंद चढविला. ‘आय मी माइन’ हे सुमारे दीड मिनिटाचे गीत त्यांनी त्यातीलच भाग पुन्हा जोडून लांबविले. ८ मे १९७० रोजी प्रसिद्ध झाला तो हा पाठ. पॉल मॅकार्टनी यांनी आपल्या गीतातील फेरफारास लेखी हरकत घेतली, आणि भागीदारी विसर्जित करण्यासाठी ३१ डिसेंबर १९७० रोजी दाखल केलेल्या दाव्यातही ही तक्रार मांडली. लेनन यांनी मात्र पुढे स्पेक्टर यांच्या कामाचे समर्थन केले. कर्त्यांतच असे मतभेद असता ‘कर्त्याचा हेतू’ हा निकष अपुरा पडतो.

२००३ मध्ये ‘लेट इट बी... नेकेड’ या नावाने ही भर वगळलेला संग्रह निघाला. तथापि तोही मूळ पाठ नव्हे. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’चे स्पेक्टर यांनी घेतलेले वादन २६ जानेवारी १९६९ चे होते, येथे ३१ जानेवारीचे निराळे वादन घेतले आहे. ‘आय हॅव गॉट अ फीलिंग’ हे गच्चीवरील दोन वादने जोडून सिद्ध केले आहे. संभाषणे गाळली आहेत. अर्थात शुद्धीकरणाच्या नावाखाली येथेही संपादनच झाले आहे. पुढे २०२१ मध्ये जॉन्स यांचे संकलन अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, आणि त्याबरोबरच जाइल्स मार्टिन व सॅम ओकेल यांचे नवे ध्वनिमिश्रणही आले.

तात्पर्य, निर्माता व मिश्रणकार हे केवळ लेखनिक नसून पाठाचे सहकर्ते ठरतात. म्हणून ‘लेट इट बी’च्या नादाविषयी विधान करणाऱ्या अभ्यासकाने आपण कोणत्या वर्षीचा व कोणी सिद्ध केलेला पाठ ऐकला, हे प्रथम नमूद केले पाहिजे. अन्यथा १९६९ मधील समूहाचे म्हणून जे गुण वा दोष तो सांगेल, ते १९७० मधील वा २००३ मधील संपादकाचे असण्याचा संभव आहे.