गर्भकालीन मधुमेह चाचणी

गर्भारपणात प्रथमच उद्भवणारी अथवा प्रथमच लक्षात येणारी रक्तातील ग्लुकोजाची वाढ शोधून काढण्याची परीक्षा. वारेतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांमुळे गर्भारपणाच्या उत्तरार्धात इन्शुलिनाचा प्रभाव मंदावतो. ही उणीव शरीराला भरून काढता आली नाही, तर ग्लुकोज वाढते. गर्भाची अतिवाढ, अवघड प्रसूती व नवजात अर्भकात ग्लुकोजाची न्यूनता हे त्याचे संभाव्य परिणाम होत. बहुधा लक्षणे दिसत नसल्याने चाचणीवाचून हा विकार ओळखता येत नाही [⟶ मधुमेह].

इतिहास : बर्लिन येथे हाइन्रिख बेनेविट्स यांनी १८२४ मध्ये गर्भारपणातील मधुमेहाचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ कुटुंबातील मधुमेह, पूर्वीचे अतिवजनदार वा मृत अपत्य अशा खुणांवरून संशयित स्त्रियांचीच तपासणी होई. बॉस्टन येथे ओसलिव्हन व माहन यांनी १९६४ मध्ये १०० ग्रॅ. ग्लुकोज देऊन करावयाच्या चाचणीचे निकष ठरविले; मात्र ते मातेच्या भावी मधुमेहावर बेतलेले होते, अर्भकाच्या हितावर नव्हे. उपचारांनी अर्भकावरील गंभीर आपत्ती सु. ४ टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत घटतात, हे ऑस्ट्रेलियातील १,००० स्त्रियांच्या अभ्यासातून २००५ मध्ये दिसून आले.

भारतातील पद्धती : उपाशीपोटी येणे व पुन्हा बोलावणे यांत अनेक स्त्रिया तपासणीतून निसटतात. म्हणून व्ही. शेषय्या (चेन्नई) यांच्या पुढाकाराने जेवणाची वेळ न पाहता ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची पद्धती पुढे आली. १४० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर वा अधिक प्रमाण आढळल्यास निदान होते. केंद्र शासनाने २०१४ मध्ये ती स्वीकारून पहिल्या भेटीत व ती निर्दोष ठरल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा चाचणी सुचविली. उपाशीपोटीच्या चाचणीच्या तुलनेत तीत काही रुग्ण सुटतात, असा आक्षेप आहे.

ठाणे (२०११ मध्ये लोकसंख्या सु. १८.४ लाख) व कल्याण-डोंबिवली (सु. १२.५ लाख) यांसारख्या शहरांत या सोयीचे मोल विशेष आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही तेथील सार्वजनिक रुग्णालये होत. रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या वा रोजंदारीवर राबणाऱ्या स्त्रीला प्रत्येक जादा खेप म्हणजे बुडालेला दिवस असतो. शिवाय नोंदणी सासरी व बाळंतपण माहेरी झाल्यास पहिल्या चाचणीचा निष्कर्ष मागे राहू शकतो. म्हणून माता व बाल संरक्षण पत्रिकेवरील नोंद चाचणीइतकीच महत्त्वाची ठरते.

निदान झालेल्यांपैकी पुष्कळ स्त्रियांना आहारनियमन व व्यायाम पुरेसा होतो. उरलेल्यांना औषध वा इन्शुलीन द्यावे लागते. प्रसूतीनंतर ग्लुकोज बहुधा पूर्ववत होते, तथापि मातेला पुढे मधुमेह जडण्याचा धोका राहतो. यासाठी सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते. बाळाच्या संगोपनात नेमकी हीच चाचणी सहसा राहून जाते.