मुलींकडून चाललेला वंश

रेसशी माझा संबंध लोकलच्या खिडकीतून महालक्ष्मीचा रेसकोर्स बघण्यापुरताच! पण सेक्रेटॅरिएट या अमेरिकन घोड्याची वंशावळ वाचायला घेतली आणि त्यातच अडकले.

१९७३ साली त्याने तिथल्या तीन मानाच्या शर्यती (त्यांना मिळून 'ट्रिपल क्राऊन' म्हणतात) जिंकल्या. शेवटची, बेलमाँटची, तर ३१ घोड्यांच्या लांबीचे अंतर ठेवून! दीड मैल, २ मिनिटे २४ सेकंद. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

गंमत म्हणजे त्याआधीच त्याच्या प्रजननाचे हक्क ३२ वाटे पाडून विकले गेले होते. एकेक वाटा १,९०,००० डॉलरचा! वाटेकऱ्याने दरवर्षी आपली एक घोडी त्याच्याकडे पाठवायची. दुसरा सेक्रेटॅरिएट आपल्याच तबेल्यात जन्मावा, ही प्रत्येकाची आशा.

केंटकीच्या क्लेबर्न फार्मवर त्याची साडेसहाशेच्या वर शिंगरे झाली. रायझन स्टारने १९८८ साली त्या तीनपैकी दोन शर्यती जिंकल्या. लेडीज सीक्रेट ही लेक १९८६ ची सर्वोत्तम ठरली. पण बापासारखा कोणी निघाला नाही, आणि मुलग्यांकडून पुढे नावाजलेले घराणे उभे राहिले नाही. झाले, 'बाप म्हणून अपयशी' असा शिक्का बसला.

इथे मला आमचा कुलवृत्तांत आठवला. त्यात माझे नाव आहे, पण पुढची रेघ नाही. माझी मुले-नातवंडे त्या पुस्तकाच्या हिशेबी जन्मलीच नाहीत!

आता सेक्रेटॅरिएटच्या लेकी बघा. टर्लिंग्वाचा मुलगा स्टॉर्म कॅट. ऐन भरात त्याच्याकडे एक घोडी न्यायची फी ५ लाख डॉलर होती. वीकेंड सरप्राईजचा ए. पी. इंडी १९९२ ची बेलमाँट जिंकला आणि पुढे स्वतः थोर बाप ठरला. सीक्रेटेमचा गॉन वेस्टही तसाच.

खुरांच्या आजाराने ४ ऑक्टोबर १९८९ रोजी सेक्रेटॅरिएटला कायमचे झोपवावे लागले, तेव्हा ए. पी. इंडी जेमतेम सहा महिन्यांचे शिंगरू होता.

१९७८ नंतर तब्बल ३७ वर्षे कुणालाच ट्रिपल क्राऊन मिळाला नाही. मग २०१५ साली अमेरिकन फॅरोआने तो जिंकला, २०१८ साली जस्टिफायने. दोघांच्याही वंशावळीत स्टॉर्म कॅट आहे. पहिल्याच्या आईकडून, दुसऱ्याच्या बापाकडून. आणि स्टॉर्म कॅटच्या वर, आईच्या जागी, टर्लिंग्वा.