‘वस्त्रहरण’ आणि बदललेला हशा

ऑक्टोबर २०२५ मध्ये गंगाराम गवाणकर गेले. राजापूर तालुक्यातल्या माडबन गावचा हा नाटककार. त्यांच्या जाण्यानंतर भेटलेल्या जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी हळहळ व्यक्त केली आणि पाठोपाठ एक ठरलेले वाक्य उच्चारले : ‘आता पूर्वीसारखा वस्त्रहरण रवला नाय.’ हे वाक्य माझ्या कानांना नवे नव्हते. ३० सप्टेंबर २००७ रोजी मच्छिंद्र कांबळी गेले तेव्हा ते ऐकले होते. कांबळी रंगमंचावर उभे राहून तात्या सरपंच करत होते, त्या काळातही ऐकले होते. तेव्हा ‘पूर्वी’ म्हणजे नक्की केव्हा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे.

पाच हजारांवर प्रयोग झालेले विनोदी नाटक खरोखर उतरणीला लागते का? आणि लागले, हे ठरवायचे कशावरून? पुस्तकाची पहिली आवृत्ती कपाटात राहते, ती काढून ताडून पाहता येते. नाटकाचा १९८० सालचा प्रयोग पडदा पडला त्या क्षणी संपला. उरल्या त्या आठवणी, आणि आठवण ही साक्षीदार म्हणून फार भरवशाची नसते.

मूळ कोणते?

आधी माहीत असलेल्या गोष्टी. गवाणकरांनी प्रथम ‘आज काय नाटक होवचा नाय’ या नावाने लिहिलेले नाटक पुढे बदलत, वाढत ‘वस्त्रहरण’ झाले. व्यावसायिक रंगभूमीवर ते १९८० मध्ये आले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. म्हणजे लेखकाचे माडबन आणि कांबळींचे मालवण तालुक्यातले रेवंडी ही दोन्ही गावे तेव्हा एकाच, रत्नागिरी जिल्ह्यात होती. नाटकाला सुरुवातीला प्रेक्षक मिळेना. पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहून कौतुकाचे पत्र लिहिले आणि वारे फिरले. पुढे ते लंडनला गेले आणि कॅसेटच्या रूपाने घराघरांत पोचले.

या एवढ्या तपशिलातूनही एक गोष्ट दिसते. ज्या ‘मूळ’ नाटकाशी आपण नंतरच्या प्रयोगांची तुलना करतो, ते मुळात स्थिर नव्हतेच. नाव बदलले, लांबी बदलली. उत्स्फूर्त जागा भरत गेल्या, त्यातल्या काही टिकल्या आणि संहितेइतक्याच पक्क्या झाल्या. ‘हल्ली नट पदरची वाक्ये फार घालतात’ ही तक्रार म्हणून मला फारशी पटत नाही. दक्षिण कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसतेच. कथानक ठरते आणि संवाद नट रंगमंचावर उभे करतात. ‘वस्त्रहरण’ त्याच मातीतले आहे. पदरचे वाक्य हा त्याचा दोष धरला, तर कांबळींचे निम्मे यशही दोषात जमा करावे लागेल.

विनोद कशावर उभा आहे?

नाटकाचा विषय सर्वांना ठाऊक आहे. कोकणातल्या एका गावची हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे पौराणिक नाटक बसवतात. आधी तालमीचा गोंधळ, मग प्रत्यक्ष प्रयोगाचा बोजवारा. हा विनोद केवळ मालवणी बोलण्याने होत नाही. तो दोन भाषांच्या टकरीतून होतो. पौराणिक नाटकाची भाषा पल्लेदार, संस्कृतप्रचुर, छापील. ती ज्याच्या तोंडी आहे तो गडी दिवसभर शेतात किंवा होडीवर असतो आणि त्याच्या जिभेवर दुसरीच भाषा बसलेली असते. ताण वाढला की छापील भाषेला तडा जातो आणि खालून बोली वर येते. हशा पडतो तो त्या तड्यावर.

ही टक्कर गवाणकरांच्या किती तरी आधीची आहे. दशावताराच्या पूर्वरंगात वेद चोरणारा संकासूर येतो. देव प्रमाण भाषेत बोलतात आणि हा काळ्या कपड्यातला असुर मालवणीत बोलतो, प्रेक्षकांशी दोन हात करतो, देवांची फिरकी घेतो. आमच्या रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही संकासूर आहे. शिमग्यात तो खेळ्यांबरोबर घरोघर फिरतो. बोली म्हणजे विदूषकाची भाषा, ही वाटणी जुनी आहे. गवाणकरांनी केलेला बदल मला फार मोठा वाटतो. त्यांनी संकासुराची भाषा भीमाच्या, धर्मराजाच्या, दुर्योधनाच्या तोंडी उसळू दिली. देवादिकांच्या मुकुटाखाली आपलाच शेजारी आहे, हे प्रेक्षकाला दिसले.

हे दिसण्यासाठी प्रेक्षकाने एक गोष्ट आधी पाहिलेली असावी लागते : गावचे खरे नाटक. माझ्या पिढीतल्या कोकणी माणसाला ते सांगावे लागत नाही. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून चाकरमानी यायचे, मुंबईच्या मंडळाने जमवलेल्या वर्गणीतून ड्रेपरी आणि पडदे भाड्याने यायचे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात देवळासमोर नाटक उभे राहायचे. मध्येच नाटक थांबवून ‘अमक्यांकडून अमक्यांच्या भूमिकेसाठी अकरा रुपये’ असे बक्षीस पुकारले जायचे. लहानपणी आमच्या वाडीच्या नाटकात धर्मराज झालेल्या माझ्या काकांना वाक्य आठवेना. प्रॉम्प्टरचा आवाज पेटीखाली दबला होता. भर दरबारात काका विंगेकडे वळून ओरडले, ‘मोठ्यान सांग रे मेल्या!’ मांडव हसला. पण नाटक पडले असे कोणी म्हणाले नाही. पुढच्याच क्षणी काका पुन्हा धर्मराज झाले आणि द्रौपदी पणाला लागली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावला. हसणे आणि हे रडणे एकाच रात्री, एकाच माणसांचे.

‘वस्त्रहरण’ पाहणाऱ्या १९८० च्या प्रेक्षकाजवळ या दोन्ही आठवणी होत्या. लालबाग-परळच्या चाळींत, गावकीच्या खोल्यांत राहणारा गिरणी कामगार वर्षातून एकदा गावी जाऊन स्वतः दुःशासन होत असे. तो प्रेक्षागृहात बसून स्वतःलाच हसत होता. आणि एरवी मुंबईत ज्या बोलीमुळे त्याची टिंगल होई, ती बोली नाट्यगृहाच्या रंगमंचावर, तिकीट लावून, मान ताठ करून उभी होती. ‘मालवणी नटसम्राट’ हे कांबळींना मिळालेले बिरुद त्या अभिमानातून आलेले आहे.

मग बिघडले काय?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्या पूर्ववत झाल्या नाहीत. गिरणगाव हळूहळू विरले. काही जण गावी परतले, काही बदलापूर, विरारकडे सरकले. म्हणजे नाटक रंगमंचावर येऊन दोन वर्षे होत नाहीत तोच त्याच्या पहिल्या प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन हलली. नाटक त्यानंतरही धो-धो चालले, कारण तोवर ते साऱ्या महाराष्ट्राचे झाले होते. पण नव्या प्रेक्षकाने कोकणातले गावनाटक पाहिलेले असेलच असे नव्हते. त्याच्यापर्यंत टकरीची एकच बाजू पोचत होती. तडा दिसत नव्हता. तड्यातून वर आलेली बोली आणि शिव्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

जगात इतरत्रही अशा वादाचे उदाहरण आहे. ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन व्यंगचित्र-मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली आणि साडेसातशेहून अधिक भाग होऊनही चालू आहे. होमर आणि मार्ज यांना आवाज देणारे कलावंत पहिल्यापासून तेच आहेत. पात्रांचे वयही वाढत नाही. तरीही पहिली आठ-दहा वर्षे सोन्याची आणि नंतर उतरण, असे तिचे बहुसंख्य जुने चाहते मानतात. तिथे सगळे भाग उपलब्ध असल्याने ताडून पाहता येते, आणि लेखन बदलले हेही दिसते. पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. ती मालिका आली ती गोडगोड कौटुंबिक मालिकांची खिल्ली उडवत. सुखी बाप, समंजस आई, शेवटी बोधाचे चार शब्द, हा साचा तेव्हाच्या प्रेक्षकाला पाठ होता. तो साचा मागे पडला आणि खिल्ली मात्र तीस-पस्तीस वर्षे चालू राहिली. ज्याची नक्कल करायची तेच नाहीसे झाले, की नक्कल एकटी पडते.

‘वस्त्रहरण’चे हेच झाले, असे माझे मत आहे. त्याची चाचणी मी घरातच केली. गेल्या गणपतीत घरी सगळे जमलेले असताना नाटकाचे जुने चित्रण लावले आणि मी पडद्याऐवजी माणसांकडे पाहत वही घेऊन बसलो. माझी आई ऐंशी ओलांडलेली. ती हसत होती ती नट शुद्ध बोलण्याचा आटापिटा करायचा तेव्हा, म्हणजे शब्द घसरण्याच्या आधीच. पुढे काय होणार हे तिला माहीत होते. माझा पुतण्या मुंबईत वाढला. तो शब्द घसरल्यावर हसत होता, आणि शिवी आली की जास्त. त्याची अकरा वर्षांची मुलगी थोडा वेळ हसली, मग तिने विचारले, ‘आजोबा, पण ह्यांना खरं नाटक नीट करायचं आहे ना? मग ते लोकांना आवडलं असतं?’

चित्रण एकच, नट तेच, वाक्य न् वाक्य तेच. तरी तिघांपुढे तीन वेगळी नाटके चालली होती. एका घरातल्या तीन माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळते. पण नाटक जराही न बदलता ‘पूर्वीसारखे’ न उरणे शक्य आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

अभिनेत्याचा प्रश्न

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : प्रेक्षक बदलला हे खरे, पण मच्छिंद्र कांबळी राहिले नाहीत त्याचे काय? त्यांच्यानंतर तात्या सरपंच इतर नटांनी रंगवला आणि काहींनी तो चांगला रंगवला. पण नव्या नटापुढे एक अडचण होती, जी कांबळींपुढे नव्हती. कांबळींना गावचा पुढारी उभा करायचा होता. पुढच्यांना कांबळींचा तात्या उभा करावा लागला. कॅसेटमुळे प्रेक्षकांना वाक्ये पाठ होती, ते नटाच्या आधीच म्हणत. अशा वेळी नट गावातल्या माणसाकडे पाहण्याऐवजी कॅसेटकडे पाहतो. या अर्थाने उतरण झाली, हे मी मान्य करतो. पण कोणत्याही एका नटाला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

पणाला काय लागले आहे?

नाटक उतरले की नाही याची चर्चा गप्पांपुरती ठीक. मला काळजी आहे ती बोलीची. अर्धा विनोद हरवला की उरलेल्या अर्ध्यावर सगळा भार येतो. मालवणी बोलला की हसायचे, ही सवय नाट्यगृहातून दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत गेली. एका स्किटमध्ये कोकणी माणूस आला की त्याने भोळा, तिरका, गजाली मारणारा असायचे हे ठरून गेले. ज्या नाटकाने बोलीला मान मिळवून दिला, त्याच्याच अर्धवट आठवणीतून बोली पुन्हा संकासुराच्या जागी जाऊन बसली.

याला उतारा नाही असे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने मालवणी बोली भयकथेसाठी वापरली. २०२५ मधल्या ‘दशावतार’ चित्रपटात ती दुःखासाठी आणि संतापासाठी वापरली गेली, आणि कोकणाबाहेरचे प्रेक्षकही ती गंभीरपणे ऐकत बसले. बोलीत रडता येते हे पुन्हा दिसले. आमच्या वाडीच्या मांडवात ते कधीच सिद्ध झाले होते.

पुतण्याच्या मुलीला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात वाडीच्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत. समासात प्रॉम्प्टरच्या खुणा, शेवटच्या पानांवर वर्गणीचा आणि बक्षिसांचा हिशेब. काकांचा धर्मराज त्यात आहे. ज्या वाक्याला ते अडले, त्याच्याखाली कुणी तरी नंतर लाल पेन्सिलीने रेघ ओढली आहे. तिने ते वाक्य मोठ्याने वाचले. अवघड होते, तिसऱ्या शब्दाला ती अडखळली, आणि शेजारी बसलेली माझी आई हसली.