माजी विद्यार्थ्यांची नोंद आणि अरण्यप्रदेशाचा इतिहास : नागपूर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे चंद्रपूर-गडचिरोलीतील स्नातक

प्रस्तावना

महाविद्यालयाचा इतिहास सामान्यतः संस्थापक, प्राचार्य, इमारती, अभ्यासक्रम आणि निकाल यांच्या आधारे लिहिला जातो. ज्यांच्यासाठी महाविद्यालय स्थापन झाले ते विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले की या इतिहासातूनही बाहेर पडतात. त्यानंतर त्यांची भेट होते ती महोत्सवी स्मरणिकेत किंवा स्नेहमेळाव्याच्या वृत्तान्तात. कोणास बढती मिळाली, कोण परदेशी स्थायिक झाले, कोणास पुरस्कार लाभला आणि कोण दिवंगत झाले, एवढाच त्या वृत्तान्ताचा विस्तार असतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि या उपेक्षित विषयास प्रशासकीय महत्त्व आले. परिषदेच्या २०१७ मधील सुधारित चौकटीत 'माजी विद्यार्थी सहभाग' हा पाचव्या निकषाचा स्वतंत्र घटक होता. त्यातील एक मापक माजी विद्यार्थ्यांनी पाच वर्षांत दिलेल्या योगदानाची रक्कम लाख रुपयांत विचारणारे होते.

ही विचारणा गैर नव्हे. पण ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न आहे. महाविद्यालयाने घडविलेल्या माणसांच्या आयुष्यातील महत्त्वाचे टप्पे कोणते मानावेत? सदर निबंधात हा प्रश्न नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत स्थिरावलेल्या काही स्नातकांच्या संदर्भात तपासला आहे.

१. स्नातक-बंधुत्व : संकल्पना आणि भारतीय रूप

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या बंधुसंघांची परंपरा जुनी आहे. 'फाय बीटा कप्पा' हा संघ १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झाला. पुढे अशा संघांच्या शाखा ठिकठिकाणी निघाल्या आणि शाखेच्या वार्तापत्रातून माजी सदस्यांचे विवाह, नेमणुका, सन्मान आणि निधन यांची वार्ता प्रसृत करण्याचा प्रघात रूढ झाला. आपल्याकडे असे औपचारिक संघ रुजले नाहीत. त्यांची जागा वसतिगृहाने, खोलीतील सहनिवासाने आणि 'बॅच' या शब्दाने घेतली. वैद्यकीय महाविद्यालयात हे नाते अधिक घट्ट असते, कारण रात्रपाळी, शवविच्छेदन आणि पहिल्या रुग्णाचा मृत्यू हे अनुभव एकत्र घेतलेले असतात. मात्र या नात्याचा उपयोग पुढे कशासाठी होतो, हे महाविद्यालय ठरवीत नाही.

२. महाविद्यालय आणि प्रदेश

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. विदर्भाच्या पूर्व टोकाकडील रुग्णांना गंभीर आजारात जवळचे म्हणावे असे मोठे रुग्णालय दीर्घकाळ नागपूरचेच होते. १९६४ पर्यंत 'चांदा' या नावाने ओळखला जाणारा चंद्रपूर जिल्हा तेव्हा गोदावरीच्या काठापर्यंत पसरला होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा हा दक्षिणेकडील भाग घनदाट अरण्याचा आहे आणि इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या नद्यांना पूर आला की तेथील गावे जगापासून तुटतात. माडिया गोंड समाजाच्या या प्रदेशात आधुनिक वैद्यक म्हणजे शेकडो मैलांवरची ऐकीव गोष्ट होती. शिक्षणसंस्था आणि तिच्या सेवाक्षेत्राचा शेवटचा माणूस यांतील हे अंतर प्रस्तुत विवेचनाचा आरंभबिंदू होय.

३. हेमलकसा : सोडलेली पदवी आणि उभारलेली शाळा

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे दोन्ही पुत्र, डॉ. विकास आणि डॉ. प्रकाश, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. डॉ. विकास यांनी वरोऱ्याच्या आनंदवनाची जबाबदारी स्वीकारली. डॉ. प्रकाश शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते; ते अर्धवट सोडून त्यांनी हेमलकसा गाठले. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी याही त्याच महाविद्यालयाच्या, आणि भूलशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या.

रूढ नोंदवहीच्या दृष्टीने पाहता ही घटना यशाची ठरत नाही. पदव्युत्तर पदवी अपूर्ण राहणे ही तेथे उणीव असते. प्रत्यक्षात त्या अपुऱ्या शिक्षणासह डॉ. प्रकाश यांच्यासमोर आले ते अस्वलाच्या हल्ल्यातील जखमी, सर्पदंश, मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप आणि अडलेली बाळंतपणे. वीज नाही, रस्ता नाही, भाषा अपरिचित. प्रथम माडिया भाषा शिकावी लागली, कारण रुग्णाचा विश्वास संपादन करण्याचे दुसरे साधन नव्हते. डॉ. मंदाकिनी यांचे भूलशास्त्राचे ज्ञान नसते तर झोपडीतल्या शस्त्रक्रिया शक्यच झाल्या नसत्या. सहधर्मचारिणी म्हणून त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो; पूर्ण प्रशिक्षित तज्ज्ञ म्हणून तो क्वचितच होतो.

पुढे डॉ. प्रकाश यांना २००२ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये दोघांना संयुक्तपणे मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या दोन तारखा कोणत्याही स्मरणिकेत ठळक अक्षरांत येतील. तथापि, या प्रदेशाच्या इतिहासात १९७६ हे वर्ष अधिक मोलाचे आहे. त्या वर्षी हेमलकसा येथे आश्रमशाळा सुरू झाली. रुग्णालयाने माणसे जगविली; शाळेने त्यांच्या मुलांना जगाशी बोलण्याचे साधन दिले. माडिया समाजातील पहिले डॉक्टर म्हणून ओळखले जाणारे डॉ. कन्ना मडावी हे याच शाळेचे विद्यार्थी होत. नागपूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी उभारलेल्या कामातून एक शाळा निघावी आणि त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याने डॉक्टर व्हावे, हे वर्तुळ पूर्ण होणे म्हणजे महाविद्यालयाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा. परंतु नागपूरच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

४. गडचिरोली : संशोधनाचे स्थलांतर

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची वाट निराळी. दोघेही याच महाविद्यालयाचे पदव्युत्तर स्नातक, डॉ. राणी मूळच्या चंद्रपूरच्या आणि स्त्रीरोगशास्त्राच्या तज्ज्ञ. १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेद्वारे त्यांनी कार्य आरंभिले. उच्चशिक्षितांचा ओघ खेड्याकडून नागपूरकडे, नागपूरकडून मुंबईकडे आणि तेथून परदेशी वाहत असताना हा प्रवास उलट्या दिशेने झाला.

त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की त्यांनी केवळ सेवा अरण्यात नेली नाही, संशोधनही नेले. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या निबंधाच्या प्रथम लेखिका डॉ. राणी बंग होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे प्रसूती आणि कुटुंबनियोजन एवढीच धोरणकर्त्यांची समजूत होती.

डिसेंबर १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात नवजात बालकांच्या घरोघरी देखभालीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. जन्मतः गुदमरलेले बाळ ओळखणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धती देशभर स्वीकारली. २००३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०१८ ची पद्मश्री हे सन्मान या क्रमात येतात. पण पदवी नसलेल्या एका ग्रामीण स्त्रीच्या हाती वैद्यकाचे कौशल्य सोपविता येते, हे सिद्ध होणे ही त्याहून मोठी घटना होय. वैद्यकीय महाविद्यालयाची सारी रचना कौशल्य पदवीधरापुरते राखण्यावर उभी असते. तिच्याच स्नातकांनी ती मर्यादा सप्रमाण ओलांडली.

५. बंधुत्वाचा उगम

या सर्वांना एकाच महाविद्यालयाचे अपत्य म्हणून मिरविणे सोपे आहे. इतिहासाच्या शिस्तीस ते मानवणार नाही. त्यांच्या प्रेरणेचे स्रोत महाविद्यालयाच्या आवाराबाहेर होते. आमटे बंधू आनंदवनात वाढले. डॉ. अभय बंग यांचे बालपण वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात, नयी तालीमच्या वातावरणात गेले. त्यांचे वडील ठाकुरदास बंग वर्ध्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याची त्यांची तयारी झाली असता, अर्थशास्त्र शिकायचे तर भारताच्या खेड्यांत जा, असे गांधीजींनी सांगितल्यावर त्यांनी तो बेत सोडला, अशी आठवण डॉ. बंग सांगत आले आहेत. अध्यापकांनी ही आठवण विशेष लक्षात घ्यावी, कारण तिचा नायक एक प्राध्यापक आहे.

त्या काळी विद्यार्थ्यांना जोडणारी आणखीही केंद्रे होती. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६७ पासून भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरचे महाविद्यालयीन तरुण एकत्र राबत. जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेतील तरुण शांतिसेनेची शिबिरे होत. १९७४ मध्ये त्याच विचारविश्वातून तरुण डॉक्टरांचे 'मेडिको फ्रेंड सर्कल' निघाले. आपल्या शिक्षणाचा समाजाशी संबंध काय, हा प्रश्न परस्परांना विचारणारे हे मंडळ आपल्याकडील वैद्यकीय बंधुसंघाचे सर्वांत जवळचे रूप म्हणता येईल. कुरखेडा येथे डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ मध्ये उभारलेली 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था याच पिढीच्या वातावरणातील आहे.

म्हणजे महाविद्यालयाने कौशल्य दिले, प्रयोजन अन्यत्र मिळाले. तरीही महाविद्यालयाचा वाटा नगण्य ठरत नाही. आमटे आणि बंग ही दोन्ही दाम्पत्ये तेथेच एकत्र आली, आणि दोन्ही ठिकाणी स्त्रीचे विशेषज्ञत्व कार्याचा आधार ठरले. नागपूर आणि अन्य शहरांतील तज्ज्ञ डॉक्टर पुढे शस्त्रक्रिया शिबिरांसाठी या प्रकल्पांत येत राहिले. भोजन आणि भाषणे यांवर संपणाऱ्या स्नेहमेळाव्यापेक्षा डॉक्टरी बंधुत्वाचे हे रूप अधिक अर्थपूर्ण आहे.

६. नोंदीच्या मर्यादा

या इतिहासास एक दुसरी बाजूही आहे. हजारो स्नातकांपैकी मोजक्यांचीच नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात आणि त्यामुळे दुहेरी अन्याय होतो. एकीकडे ही माणसे अपवादात्मक म्हणून पूजनीय, आणि म्हणूनच अनुकरणाच्या कक्षेबाहेरची ठरतात. दुसरीकडे भामरागड, कोरची, जिवती, सिरोंचा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत निमूटपणे शासकीय सेवा बजावलेले असंख्य वैद्यकीय अधिकारी विस्मृतीत जातात. पुराच्या दिवसांत केंद्र न सोडणारा डॉक्टर कोणत्याही महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत 'विशेष' म्हणून येत नाही. त्याचे योगदान लाखांत सांगता येत नाही आणि त्याच्यावर चित्रपटही निघत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांची नोंद दोन ठिकाणी शोधावी लागेल. एक महाविद्यालयाच्या कार्यालयात, दुसरी तो जेथे राहिला त्या गावात. आरोग्य केंद्रांच्या जुन्या नोंदवह्या, सेवानिवृत्त परिचारिका, आश्रमशाळांचे दाखले आणि गावकऱ्यांच्या मौखिक आठवणी ही या इतिहासाची साधने होत. ती जीर्ण होत आहेत आणि सांगणारी माणसे वृद्ध झाली आहेत.

समारोप

हा विषय आता केवळ नागपूरचा राहिलेला नाही. वरोऱ्यास आनंदवनाच्या परिसरात कुष्ठमुक्तांच्या श्रमातून महाविद्यालय उभे राहिले, त्यास अर्धशतक उलटले. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२४ मध्ये गडचिरोलीसही ते मिळाले. ज्या प्रदेशात डॉक्टर बाहेरून येत, तो प्रदेश आता स्वतःचे डॉक्टर घडवू लागला आहे. गडचिरोलीच्या पहिल्या तुकडीची पदवी अद्याप व्हावयाची आहे. तिच्या माजी विद्यार्थ्यांची नोंदवही कोरी आहे.

त्या नोंदवहीत पद, वेतन आणि देणगी यांच्या जोडीला आणखी तीन रकाने आखणे अशक्य नाही : स्नातकाने किती काळ कोणत्या गावी सेवा केली, त्याने कोणास शिकविले, आणि त्याने शिकविलेल्यांपैकी कोण पुढे गेले. या माहितीसाठी स्वतंत्र निधी लागत नाही. दरवर्षी एका अध्यापकाने चार विद्यार्थ्यांना सोबत घेऊन एका तालुक्यातील माजी विद्यार्थ्यांना भेटावे, त्यांचे कथन लिहून घ्यावे आणि ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावे, एवढे पुरे. असे घडले नाही तर आणखी पन्नास वर्षांनीही या दोन जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास चार-पाच नावांवरच थांबेल.